माळ्यावर सापडलेले मराठी इंद्रजाल कॉमिक्स : खंड सोडवावेत का, अंकांचे साल कसे ओळखावे?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न :

नमस्कार. वाईच्या आमच्या जुन्या घराचे छप्पर गेल्या महिन्यात उतरवायला घेतले, तेव्हा माळा रिकामा करताना माझ्या थोरल्या भावाची पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात इंद्रजाल कॉमिक्स या जुन्या चित्रकथा-मालिकेच्या मराठी अंकांचे तीन बांधीव खंड आणि साठ-पासष्ट सुटे अंक निघाले. दादाला जाऊन आता नऊ वर्षे झाली. हे अंक घर झाडताना केव्हाच रद्दीत गेले असतील असे मी धरून चाललो होतो, त्यामुळे ट्रंकेचे झाकण उघडल्यावर बराच वेळ मला पुढचे काम सुचले नाही.

दादा हे अंक एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानातून आणत असे. नवा अंक घरी आला की तो आधी दादा वाचणार, मग मी, आणि मग शेजारची मुले आमच्या ओट्यावर बसून वाचणार, अंक ओट्याखाली न्यायचा नाही, असा नियम होता. दर मे महिन्यात दादा साठलेले अंक क्रमाने लावून गावातल्या एका बांधणावळ्याकडे देई, जो एरवी पेढीवरच्या चोपड्या बांधत असे. त्याने कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून यंत्रावर कापल्या आणि खंड जाड होतो म्हणून काही अंकांची मुखपृष्ठे काढून टाकली. त्या वेळी आम्हाला ती बांधणी फार देखणी वाटली होती. आज पाहतो तर काही पानांवर संवादाच्या फुग्याची वरची ओळ अर्धी कापली गेलेली आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत. ज्या अंकांची मुखपृष्ठे गेली आहेत त्यांच्यावर ना क्रमांक आहे ना तारीख, तेव्हा ते कोणत्या साली निघाले हे ठरवता येईल का? पहिल्या खंडाची पाठ सुटली आहे आणि खळीला कसर लागली आहे, तर तो पूर्ण सोडवून अंक वेगळे करावेत का? एका ठिकाणी छपराच्या गळतीमुळे समोरासमोरची दोन पाने एकमेकांना चिकटली आहेत. शिवाय ओळखीतून एक गृहस्थ येऊन गेले. त्यांना फक्त मुखपृष्ठ शाबूत असलेले सुटे अंक विकत हवे आहेत, बांधीव खंड नको आहेत. मला पैशाची निकड नाही, पण हे सर्व माझ्यानंतर कोणी सांभाळेल याची खात्रीही नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

ग्रंथालयातील_दिवस यांचे उत्तर :

कृष्णाकाठ, आपल्या बंधूंनी अंक ट्रंकेत बंद करून ठेवले हेच त्यांच्या टिकण्याचे मोठे कारण आहे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षे काम केले आणि वर्तमानपत्री कागदावरच्या जुन्या नियतकालिकांची देखभाल हा त्यातला माझा आवडीचा भाग होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

हा कागद लाकूड यांत्रिक रीतीने वाटून केलेल्या लगद्याचा असतो आणि लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्य त्यात तसेच राहिलेले असते. हवा आणि उजेड लागला की त्या द्रव्यामुळे कागद आधी पिवळा आणि मग तपकिरी पडतो, त्यात आम्ल तयार होते, ते आम्ल कागदाचे तंतू तोडते आणि शेवटी पान घडीवर मोडते. ही क्रिया थांबवता येत नाही, पण पुष्कळ मंद करता येते. आपल्या खंडांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या असतील, परंतु आतला भाग त्या मानाने उजळ असेल, कारण दाबून बांधलेल्या खंडाच्या मध्यापर्यंत हवा पोहोचत नाही. सुट्या अंकांशी ताडून पाहिलेत तर हा फरक आपल्या लगेच लक्षात येईल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की खंड सोडवू नयेत. चोपड्या बांधणारे बहुधा अंकाच्या पाठीपासून आत अर्धा बोट अंतरावर भोके पाडून आरपार शिवण घालतात. ती शिवण उसवली तरी भोके राहतात, कापलेल्या कडा परत येत नाहीत आणि ठिसूळ झालेली पाने उसवताना घडीवर तुटतात, म्हणजे बांधीव खंडही जातो आणि सुटे अंकही धड मिळत नाहीत. ज्याची पाठ सुटली आहे त्या पहिल्या खंडाभोवती आम्लरहित जाड कागदाचे वेष्टण घालून रुंद सुती फितीने सैल बांधावे आणि तो खंड उभा न ठेवता आडवा ठेवावा. नवी पाठ चिकटवायचा मोह टाळावा.

आता कसरीविषयी. पूर्वी बांधणावळे खळीत मोरचूद घालत, त्यामुळे कीड लांब राही, पण साध्या खळीचा पिठूळपणा झुरळांना आणि कसरीला आवडतो. आपल्या खंडात कीड अजून जिवंत आहे का हे आधी पाहावे. खंड पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवला आणि कागदावर नवा भुगा पडला नाही, तर केवळ मऊ कुंचल्याने साफ करणे पुरेसे आहे. भुगा पडत असेल तर खंड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावा आणि उणे अठरा अंशांपर्यंत जाणाऱ्या शीतकपाटात दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, अन्यथा हवेतला दमटपणा थंड कागदावर पाणी होऊन बसतो. घरच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात हे जमेलच असे नाही, पण ज्यांच्याकडे खोल गोठवणारे कपाट आहे अशी ओळखीची डेअरी बहुतेक गावांत असते.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर धान्य, गाद्या आणि पुस्तके यांना ऊन दाखवण्याची पद्धत आहे. धान्याला ती योग्य आहे, या कागदाला मात्र नाही. एका दुपारच्या थेट उन्हाने जेवढा रंग उडतो तेवढा ट्रंकेत कित्येक वर्षांत उडत नाही. अंक सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, हवा खेळती असेल तेथे काही तास ठेवावेत. डांबरगोळ्या आमच्या पिढीने सर्रास वापरल्या, परंतु त्यांची वाफ श्वासाला चांगली नाही आणि तो वास कागदातून जात नाही, म्हणून त्या आता नकोत. गंजलेल्या पिना सुट्या अंकांतून अवश्य काढाव्यात. नखाने न ओढता मागची टोके बारीक चपट्या पट्टीने सरळ करून त्या बाहेर घ्याव्यात, कारण गंज कागद खात पुढे सरकतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये आणि कोणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नये, कारण ते पान पुन्हा कधीही मोकळे करता येत नाही.

चिकटलेली दोन पाने आज ओढू नका. जोरात ओढल्यास एका पानाची शाई दुसऱ्यावर येईल. ती तशीच राहू द्यावीत आणि कागदसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावीत. बाकीचे काम आपले आपल्याला करता येईल, एवढे हे एक सोडून.

---

फाउंटनचा_फूटपाथ यांचे उत्तर :

मी तीस वर्षे जुने अंक गोळा करत आहे. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर पुस्तकांचे ढीग असत त्या काळापासून. सालाविषयी मदत करू शकतो.

टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू केले आणि ते १९९० मध्ये बंद पडले. पहिले बत्तीस अंक केवळ वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे होते, त्यानंतर जादूगार मॅन्ड्रेक, अंतराळातला फ्लॅश गॉर्डन आणि इतर नायक आले. सुरुवातीला मासिक असलेले हे प्रकाशन पुढे पाक्षिक आणि शेवटी साप्ताहिक झाले. इंग्रजी अंकांना १ ते ४४३ असे सलग क्रमांक आहेत आणि त्यानंतर वर्ष व अंक अशी नवी पद्धत सुरू झाली, जी विसाव्या वर्षाच्या पहिल्या अंकापासून सत्ताविसाव्या वर्षाच्या आठव्या अंकापर्यंत चालली. १९६४ हे पहिले वर्ष धरले की विसावे वर्ष १९८३ येते, त्यामुळे नव्या पद्धतीचा क्रमांक दिसला तर साल तोंडी काढता येते. इंग्रजी मालिकेतले १२३ आणि १२४ हे अंक छापखान्यातील संपामुळे निघालेच नाहीत. नवे संग्राहक ते वर्षानुवर्षे शोधत राहतात, म्हणून मुद्दाम सांगतो. इंग्रजीची यादी मराठी अंकांना डोळे मिटून लावू नये, मराठी अंकावर जे छापले आहे तेच प्रमाण मानावे.

मुखपृष्ठ गेलेल्या अंकाचे साल त्याच्या पोटातून काढावे लागते, आणि त्यासाठी कथेपेक्षा जाहिराती अधिक उपयोगी पडतात, ज्या लहानपणी आपण घाईने उलटून टाकत होतो. जाहिरातीतल्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा आहे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. थम्स अपची जाहिरात असेल तर १९७७ च्या आधीचा असू शकत नाही. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांचा अप्पू हत्ती दिसला तर १९८२ च्या आसपास थांबावे. कूपन भरून पाठवण्याची शेवटची तारीख छापलेली असेल तर उत्तमच, तीत पुष्कळदा सालही असते.

कथेतूनही काही खुणा मिळतात. आबिद सुरती यांनी निर्माण केलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला भारतीय नायक बहादूर डिसेंबर १९७६ मध्ये प्रथम आला, म्हणून भगवा कुडता आणि जीन घातलेला तो तरुण ज्या अंकात आहे तो त्याआधीचा नाही. वेताळ आणि डायना यांचा विवाह मूळ वृत्तपत्रीय मालिकेत १९७७ च्या अखेरीस झाला आणि जुळी मुले, किट आणि हेलॉईज, १९७९ मध्ये जन्मली. डायना पत्नी म्हणून वावरत असेल किंवा कवटीच्या गुहेत, म्हणजे वेताळाच्या घरी, पाळणा दिसत असेल तर त्यानुसार सीमा ठरते. चित्रशैलीवर मात्र साल ठरवू नये. विल्सन मकॉय यांची साधी, जाड रेघांची चित्रे १९६१ पूर्वीची आणि साय बॅरी यांची भरीव, छायाप्रकाशाची चित्रे त्यानंतरची हे खरे, पण इंद्रजालमध्ये जुन्या कथा पुढे-मागे येत राहिल्या. साय बॅरींच्या एका अंकानंतर मकॉय यांचा अंक हातात आला की वेताळ अचानक वेगळाच माणूस वाटे, आणि त्याचा राग यायचा, हे मला अजून आठवते.

विक्रीबद्दल थोडक्यात लिहितो. मुखपृष्ठासह सुटा अंक हवा असणारे गृहस्थ चुकीचे काही मागत नाहीत, बाजारात किंमत मुखपृष्ठाला, कडांना आणि पिनांच्या मूळ भोकांनाच आहे. पण आपला संग्रह एकाच मुलाने एकाच दुकानातून क्रमाने घेतलेला आहे. बाजारात असा संग्रह जवळजवळ कधीच येत नाही, कारण तो येईपर्यंत फुटलेला असतो. साठ अंक दिल्यावर उरलेल्या तीन खंडांना गिऱ्हाईक मिळणार नाही आणि आपल्याकडेही ते अपुरे राहतील. द्यायचेच असेल तर सर्व एकत्र द्यावे.

---

आरवलीची_वाट यांचे उत्तर :

जतन आणि साल याविषयी वरच्या दोघांनी उत्तम लिहिले आहे. मी एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण मराठी अंक राखण्याचे खरे कारण मला तेथे दिसते.

लेखक लि फॉक यांचा फँटम हा नायक १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत अवतरला. मराठी आवृत्ती करणाऱ्यांनी त्याचे मूळ नाव तसेच ठेवले असते तर कोणी दोष दिला नसता. मॅन्ड्रेकचे आणि फ्लॅश गॉर्डनचे नाव त्यांनी तसेच ठेवले. येथे मात्र त्यांनी त्याला वेताळ म्हटले. पुण्या-नागपुरातल्या मुलाला त्यातून चांदोबातला, राजा विक्रमाच्या खांद्यावरून कोडी घालणारा वेताळ आठवला असेल. चांदोबा मराठीत १९५२ पासून घरोघरी येत होता. पण मी वेंगुर्ले तालुक्यातला आहे आणि आमच्याकडे वेताळ गोष्टीतला नाही, गावाचा राखणदार आहे.

आरवलीला श्री देव वेतोबाचे देऊळ आहे. भक्त त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि मोठमोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, माणसाच्या पायाच्या दुप्पट आकाराच्या. देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, म्हणून वहाणा झिजतात, आणि झिजलेल्या वहाणांच्या जागी नव्या ठेवाव्या लागतात, असे आम्हाला लहानपणी सांगितले जाई. आजी झिजलेले तळवे दाखवत असे आणि आम्ही ते हात न लावता पाहत असू. खाली गोव्यात आमोणे आणि पैंगीण येथे तोच देव बेताळ या नावाने पूजला जातो.

आता अशा गावातल्या मुलाच्या हातात वेताळाचा अंक आला तेव्हा काय झाले असेल ते पाहा. या नायकाचे मूळ इंग्रजी बिरुदच चालणारे भूत असे आहे. १५३६ साली समुद्री चाच्यांनी त्याच्या मूळ पुरुषाच्या बापाला मारले, तो एकटा किनाऱ्याला लागला, त्याने मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतली, आणि मुलामागून मुलगा तोच मुखवटा चढवत एकविसाव्या पिढीपर्यंत आला, त्यामुळे जंगलातले लोक त्याला एकच अमर माणूस समजतात. गावाबाहेर राहणारा, रात्री फिरणारा, दुष्टाला खूण करून सोडणारा आणि ज्याला मरण नाही असा राखणदार. मला तो अमेरिकन आहे हे कितीतरी वर्षे माहीतच नव्हते. आमच्या शेजारच्या घरात तर अंक जमिनीवर पडलेला दिसला की मुले तो उचलून कपाळाला लावत, कारण वर वेताळ असे छापलेले असे. भाषांतर करणाऱ्याने आरवली पाहिली होती की नव्हती याने फरक पडत नाही. त्याने निवडलेला शब्द आमच्याकडे हजार वर्षांचे ओझे घेऊन आला.

भारतीय आवृत्तीत आणखी काही बदल झाले होते, तेही अंक चाळताना पाहावेत. मूळ कथेतला देश सुरुवातीस बंगाली असा लिहिला जाई आणि पुढे बंगाला झाला. आपल्या वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून तो येथे डेंकाली झाला. सिंग टोळीचे चाचे सिंगा झाले आणि एकविसाव्या वेताळाच्या बापाला मारणारा रामा हा रामालू झाला. एखाद्या खलनायकाला देवाचे नाव नको, एखाद्या समाजाचे नाव चाच्यांच्या टोळीला नको, एवढी काळजी संपादकांनी घेतली होती.

इंग्रजी अंकांच्या याद्या, मुखपृष्ठांची छायाचित्रे, चित्रकारांची नावे हे सर्व पुष्कळांनी जमवले आहे. मराठीत कोणता शब्द कोठे योजला गेला, कवटीची खूण उठवणाऱ्या अंगठीला, जंगलातल्या जुन्या म्हणींना, ढोलावरून जाणाऱ्या निरोपाला भाषांतरकाराने काय म्हटले, हे मात्र फक्त या पानांवर आहे. म्हणून माझी विनंती अशी की प्रत्येक अंकाची नोंद करताना क्रमांक आणि साल यांच्या जोडीला कथेचे मराठी नाव आणि लक्षात राहणारे दहा-पंधरा शब्द लिहून ठेवावेत. मुखपृष्ठ नसलेला अंक बाजारात कवडीमोल असेल, या कामासाठी तो पूर्ण आहे.

---

इंदूरची_आत्या यांचे उत्तर :

मी इंदूरमध्ये वाढले. घरी मराठी आणि बाहेर हिंदी, त्यामुळे शाळेच्या दिवसांत मी हिंदी वेताल वाचत असे आणि मे महिन्यात नागपूरला मामाकडे गेल्यावर मराठी वेताळ वाचत असे. एकच कथा दोन्हीकडे हाती लागली की मामेभाऊ मराठी अंक उघडून बसे आणि मी हिंदी आठवून सांगे, आणि कोणत्या भाषेत वेताळ अधिक जरबेने बोलतो यावर आमचे वाद होत. माझ्या मते मराठीत, आणि ते मी इंदूरला परतल्यावर कोणापाशी कबूल करत नसे.

संग्रहाच्या आठवणींत नेहमी मुलगेच दिसतात, म्हणून लिहावेसे वाटले. मामाच्या गल्लीत एका वाचनालयात दिवसाला दहा पैसे देऊन अंक मिळत आणि रांगेत आम्ही मुली पुष्कळ असू. मला डायना आवडत असे. ती पाण्यात सूर मारणारी खेळाडू होती, संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचे काम करत होती, एकटी विमानाने जगभर जात होती आणि लग्नानंतरही तिने ते काम सोडले नाही. माझ्या अवतीभवती अशी एकही बाई नव्हती. नोकरीसाठी पहिल्यांदा एकटीने रेल्वेचा लांबचा प्रवास केला तेव्हा मला तिचीच आठवण झाली होती, हे आज प्रथमच कोणाला सांगते आहे.

आरवलीच्या वाटेवरच्या भावांनी फार सुंदर लिहिले आहे, परंतु एक गोष्ट राहू नये. गेल्या वर्षी मी नातवाला एक जुना अंक वाचून दाखवत होते, तेव्हा त्याने विचारले की जंगलातले सगळे लोक या एका गोऱ्या माणसाला का भितात आणि आपले भांडण आपण का सोडवत नाहीत. प्रश्न रास्त आहे. ज्या काळात ही कथा जन्मली त्या काळी आफ्रिका आणि आशियाचा मोठा भाग युरोपच्या ताब्यात होता आणि गोरा माणूस येऊन न्याय देतो ही कल्पना त्या कथेच्या हाडात आहे. पुढच्या काळात डेंकालीत लोकांनी निवडलेले कृष्णवर्णीय अध्यक्ष लुआगा आले, जंगल गस्तीदलाचे प्रमुख कर्नल वोरोबू आले, म्हणजे लिहिणाऱ्यालाही बदल करावासा वाटला होता, तरी पाया तोच राहिला. मी नातवाला हे सर्व सांगितले आणि मग आम्ही पुढचे पान उलटले. मला ते अंक त्यामुळे कमी प्रिय झाले नाहीत. पण कृष्णाकाठ, आपण पुढच्या पिढीच्या हाती ही ट्रंक देणार असाल तर हेही बोलून द्यावे, लपवून देऊ नये असे मला वाटते.

आणि कापलेल्या कडांचे वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडचे सर्व अंक आम्ही घर बदलताना रद्दीवाल्याने किलोवर नेले.

---

ग्रंथालयातील_दिवस यांची पुरवणी :

आरवलीची_वाट यांनी सुचवलेली नोंद करताना एक काळजी घ्यावी. खंड पूर्ण सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना घडी केलेले जाड टॉवेल ठेवून तो इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात अर्धाच उघडावा आणि मोबाइलने वरून छायाचित्र घ्यावे, स्कॅनरच्या काचेवर दाबू नये. छायाचित्रे स्वतःच्या नोंदीसाठी ठेवावीत. या कथांचे हक्क अजून मालकांकडे आहेत, त्यामुळे ती सर्वांना वाटणे योग्य होणार नाही. शब्दांची आणि कथांच्या नावांची यादी मात्र कोणालाही देता येईल.

---

कृष्णाकाठ यांचे प्रत्युत्तर :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी चार दिवस उत्तर दिले नाही, कारण सांगितल्याप्रमाणे काम करून मगच लिहायचे ठरवले होते.

पांढऱ्या कागदावर पहिला खंड ठेवला आहे आणि अद्याप भुगा पडलेला नाही. खंड सोडवणार नाही. आतली पाने खरोखरच सुट्या अंकांपेक्षा उजळ आहेत, हे शेजारी ठेवून पाहिल्यावर स्वच्छ दिसले. सुट्या अंकांपैकी अकरा अंकांच्या पिना काढल्या. पहिल्या दोन पिनांना बराच वेळ लागला, पुढे हात बसला. त्या गृहस्थांना आज दूरध्वनी करून नाही म्हणून सांगितले आणि त्यांनी ते समजून घेतले.

जाहिरातींची युक्ती लागू पडली. मुखपृष्ठ नसलेल्या एका अंकात शेवटच्या पानावर चित्रे रंगवण्याची स्पर्धा आहे आणि तिच्या कूपनवर दादाने आपले नाव, इयत्ता आणि वाईचा पत्ता शाईच्या पेनाने लिहिला आहे. पाठवण्याची शेवटची तारीख ३१ मार्च १९७४ आहे. कूपन कापलेले नाही. मला आठवते की त्याने ते कापायला कात्री घेतली होती आणि मागच्या बाजूला कथेचे शेवटचे चित्र आहे हे लक्षात आल्यावर कात्री ठेवून दिली होती. ते चित्र मी आज पुन्हा पाहिले. वेताळ घोड्यावरून पाठमोरा निघून जात आहे आणि त्याचा लांडगा डेव्हिल त्याच्या मागे आहे.

इंदूरच्या ताईंनी जे लिहिले ते माझ्या पुतणीला, म्हणजे दादाच्या मुलीला वाचून दाखवले. ती पुढच्या शनिवारी पुण्याहून येत आहे आणि मराठी शब्दांची वही ती लिहिणार आहे. माझे अक्षर आता हलते. पहिल्या खंडात एकोणतीस अंक आहेत, त्यांतील अठरा वेताळाचे, सात मॅन्ड्रेकचे आणि चार फ्लॅश गॉर्डनचे. चिकटलेल्या पानांभोवती मी केवळ एक कोरा कागद घातला आहे.

एक विचारायचे राहिले. मॅन्ड्रेकच्या एका अंकात पानाच्या समासात दादाने पेन्सिलीने काही आकडे लिहिले आहेत. बांधणावळ्याच्या यंत्राने त्यांची उजवी बाजू कापली आहे, त्यामुळे ते अंकांचे क्रमांक आहेत की दुकानदाराकडची उधारी हे कळत नाही. अशा पेन्सिलीच्या खुणा कुंचल्याने साफ करताना पुसल्या जाऊ नयेत यासाठी काही करावे लागते का?